घरी बसून पुस्तकांचे काम : नोकर कोण, कंत्राटदार कोण?

आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत येणारे अनेक विद्यार्थी शिक्षण सांभाळून काही ना काही काम करतात. पूर्वी हे काम म्हणजे पहाटे वर्तमानपत्रे टाकणे, संध्याकाळी शिकवण्या घेणे किंवा एखाद्या दुकानात हिशेब लिहिणे असे. आता त्यात एका नव्या कामाची भर पडली आहे. मोबाईल आणि लॅपटॉप हाताशी आल्यापासून आपली मुले-मुली घरी बसून पुस्तकांची प्रुफे तपासतात, पाने लावतात, मुखपृष्ठे तयार करतात, भाषांतरे करतात. हे काम देणाऱ्या बऱ्याच कंपन्या स्वयं-प्रकाशन कंपन्या आहेत. म्हणजे लेखकाकडून पैसे घेऊन त्याचे पुस्तक काढून देणाऱ्या कंपन्या.

काम वाईट नाही. पुस्तकाशी संबंध येतो, भाषा सुधारते, प्रवासखर्च वाचतो. घरच्या जबाबदारीमुळे बाहेर पडू न शकणाऱ्या भगिनींना तर हा मोठाच आधार वाटतो. परंतु या कामाच्या अटी फार थोड्यांना माहीत असतात.

आम्हीही त्यातून गेलो आहोत. काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी तिघांनी अशाच एका कंपनीचे मुद्रितशोधनाचे काम घेतले. दर पानावर ठरला होता. काम वेळेत दिले, सांगितले तसे दोनदा दुरुस्त करून दिले. पैशाची वेळ आली तेव्हा कळविण्यात आले की, लेखकाने पसंती दिल्याखेरीज बिल मंजूर होणार नाही. लेखक परगावी, कंपनी परराज्यात, आणि आमच्या हाती सही केलेला एकही कागद नाही! चार महिन्यांनी निम्मी रक्कम आली. उरलेली आजतागायत आलेली नाही. या फसगतीतून जे शिकलो आणि नंतर वाचून-विचारून जे समजून घेतले, ते सभासदांपुढे व विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

स्वयं-प्रकाशन म्हणजे काय?

लेखकाने स्वतः पुस्तक काढणे ही काही नवी गोष्ट नाही. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने १९३६ साली आपले अधिवेशन रद्द केले, तेव्हा तेथे करावयाचे अध्यक्षीय भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाच्या त्या पुस्तकाची १५०० प्रतींची इंग्रजी आवृत्ती दोन महिन्यांत संपली. दुसऱ्याच्या मर्जीवर न राहता आपला विचार आपणच छापावा, ही वाट आपल्याला अशी जुनीच ओळखीची आहे.

नवे आहे ते या कामाला आलेले कंपनीचे रूप. जुन्या पद्धतीचा प्रकाशक स्वतःचे भांडवल घालतो, पुस्तके विकतो आणि लेखकाला मानधन देतो. स्वयं-प्रकाशन कंपनीत पैशाचा प्रवाह बहुधा उलटा असतो. लेखक कंपनीला पैसे देतो आणि त्या बदल्यात मुद्रितशोधन, मांडणी, मुखपृष्ठ, आयएसबीएन क्रमांक, छपाई व थोडी जाहिरात असे ‘पॅकेज’ विकत घेतो. मागणीनुसार छपाई शक्य झाल्यामुळे पन्नास प्रतीही काढता येतात. अॅमेझॉनने २००७ साली किंडलवर लेखकाला स्वतः पुस्तक चढविण्याची सोय केली. तेथे कामाचे पॅकेज घ्यावे लागत नाही, विक्रीतून वाटा मिळतो. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तकेही आली. भारतात बंगलोरची पोथी डॉट कॉम २००८ पासून आणि चेन्नईची नोशन प्रेस २०१२ पासून या क्षेत्रात आहेत.

हा व्यवसाय सरहद्दी ओलांडून चालतो. अमेरिकेतील ऑथर सोल्यूशन्स या कंपनीचे मुख्य ठाणे इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन येथे होते आणि तिचे मोठे कार्यालय फिलिपीन्समधील सेबू शहरात होते. पेंग्विनची मालक असलेल्या पिअर्सन कंपनीने ती २०१२ साली ११ कोटी ६० लाख डॉलरला विकत घेतली. २०१३ साली तिची ‘पार्ट्रिज’ ही शाखा पेंग्विनच्या साहाय्याने भारतातही आली. लेखक एका देशात, त्याच्याशी बोलणारा दुसऱ्या देशात आणि पाने लावणारा तिसऱ्याच गावी, अशी कामाची विभागणी आता सहज होते. तेव्हा काम देणाऱ्याचे तोंड कधीच न पाहता काम करणारा वर्ग या व्यवसायात वाढतो आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

पानाचा दर आणि तासाचा हिशेब

मुद्रितशोधकाला पानावर, भाषांतरकाराला शब्दावर, मांडणी करणाराला पुस्तकावर आणि लेखकांना फोन करून पॅकेज विकणाऱ्याला विक्रीवर पैसे मिळतात. दर ऐकताना बरा वाटतो. पण तासाचा हिशेब आपण करीत नाही. तो एकदा करून पाहू.

समजा, पानाला १० रुपये दर आहे आणि पुस्तक २०० पानांचे आहे. म्हणजे २००० रुपये. तासाला आठ पाने नीट वाचून होतात असे धरले तर २५ तास लागतील. तासाला ८० रुपये पडले. परंतु काम तेथे संपत नाही. लेखकाने नवा मजकूर घातला म्हणून दुसरे वाचन, पाने लागल्यावर तिसरे वाचन, त्याचे १० तास. संदेशांना उत्तरे देणे, फाईली पाठविणे, शंका विचारणे याचे ५ तास. एकूण ४० तास झाले आणि मजुरी तासाला ५० रुपयांवर आली. त्यातून वीज, इंटरनेट आणि लॅपटॉपची झीज वजा करायची. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून हिशेब करावा. शिवाय ‘चाचणी’ म्हणून फुकट करून घेतलेली पाने यात धरलेलीच नाहीत. दोन-चार पानांची चाचणी समजू शकते. पण चाचणी म्हणून पूर्ण प्रकरणच दिले जात असेल तर ती चाचणी नव्हे, ते काम होय.

कामाच्या वेळेचेही तसेच आहे. १९४६ साली, बाबासाहेब मजूर खात्याचे मंत्री असताना, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. घरी बसून पानावर काम करणाराला भोंगाच नाही. रात्री अकरा वाजता संदेश येतो, ‘सकाळपर्यंत हवे.’ पोर्तुगालने २०२१ साली कायदा करून कामाच्या वेळेनंतर कर्मचाऱ्यांशी संपर्क न साधण्याचे बंधन मालकांवर घातले. फिलिपीन्सने २०१८ साली घरून काम करणाऱ्या नोकराला कार्यालयातील नोकराइतकीच वागणूक द्यावी असा कायदा केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने तर १९९६ सालीच घरकामगारांविषयीचा १७७ क्रमांकाचा ठराव संमत केला. समान वागणूक हेच त्याचे सूत्र आहे. भारताने मात्र त्यास मान्यता दिलेली नाही.

मूळ प्रश्न : तुम्ही कोण?

या सगळ्या अटी शेवटी एका प्रश्नावर येऊन थांबतात. तुम्ही त्या कंपनीचे नोकर आहात की स्वतंत्र कंत्राटदार? नोकराला किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, रजा, प्रसूती लाभ यांचे संरक्षण असते. कंत्राटदाराला यातले काही नसते. म्हणूनच अनेक करारांत पहिल्याच पानावर ‘आपण आमचे कर्मचारी नाही’ असे वाक्य असते. पुढच्या पानांवर मात्र सकाळी दहाला हजेरी, रोजचा अहवाल, ठरवून दिलेले सॉफ्टवेअर, रजेसाठी परवानगी आणि दुसऱ्या कंपनीचे काम घेण्यास मनाई असते. नाव कंत्राटदाराचे आणि वागणूक नोकराची, असा हा प्रकार आहे.

कागदावर लिहिले म्हणून ते खरे ठरते का? याचे उत्तर शोधताना आम्हाला आपल्याच घरांतला एक जुना व्यवसाय आठवला.

बिडीची छाट आणि प्रुफाची दुरुस्ती

सिन्नर, सोलापूर, निपाणी, कामठी, गोंदिया या भागांतील आपल्या कितीतरी माता-भगिनींनी घरी बिड्या वळून मुलांना शिकविले. पाने, तंबाखू कारखान्यातून किंवा ठेकेदाराकडून आणायची, घरी बसून हजारावर बिड्या वळायच्या आणि मोजून द्यायच्या. देताना तपासणारा त्यातून ‘छाट’ काढी. छाट निघालेल्या बिड्यांचे पैसे मिळत नसत. कारखानदार म्हणे, या बाया आमच्या नोकर नाहीत, त्या आपल्या घरी आपल्या सवडीने काम करतात.

हा युक्तिवाद टिकला नाही. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानले आणि नाकारलेल्या बिड्यांवरून होणारे वाद मिटविण्याची तरतूद केली. पुढे भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. पी. एम. पटेल अँड सन्स या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, घरी बिड्या वळणारे कामगारही या निधीचे हक्कदार आहेत. काम घरी होत असले तरी तयार मालाची तपासणी करून तो नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे, आणि हा अधिकार म्हणजेच मालकाचे नियंत्रण होय, हा त्यातील महत्त्वाचा मुद्दा होता.

त्याआधी १९७३ साली सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या प्रकरणातही असाच प्रश्न आला होता. तेथील शिंप्यांना नगावर मजुरी मिळे, काहीजण कापड घरी नेऊन शिवीत, दुसरीकडचे कामही त्यांना घेता येई. तरीही दुकानाच्या सूचनेप्रमाणे शिवण झाली नाही तर मालक कपडा परत शिवायला लावू शकतो, ही बाब लक्षात घेऊन न्यायालयाने त्यांना दुकानाचे नोकर ठरविले.

आता हेच प्रुफाला लावून पाहा. फाईल कंपनीची, नियमावली कंपनीची, काम नाकारण्याचा आणि परत करायला लावण्याचा अधिकार कंपनीचा. आईच्या बिड्यांची छाट आणि लेकीच्या प्रुफांची फुकट दुरुस्ती यांत फरक किती उरला? प्रत्येक प्रकरणाचा निकाल त्यातील वस्तुस्थितीवर लागतो, एकच कसोटी सर्वत्र पुरत नाही, हे खरे. जो मुद्रितशोधक पाच ठिकाणची कामे घेतो, आपला दर आणि वेळ स्वतः ठरवितो, तो खरोखरच स्वतंत्र व्यावसायिक होय. पण जो एकाच कंपनीसाठी तिच्या वेळेत, तिच्या हुकमाप्रमाणे काम करतो, त्याने करारातील एका वाक्यावरून आपण नोकर नाही असे मानून गप्प बसू नये, असे आमचे मत आहे.

नोकर असाल तर

चार नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. वेतन संहितेप्रमाणे किमान वेतनाचा हक्क सर्व नोकरांना आहे, मग मजुरी महिन्यावर असो की नगावर. महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळाले पाहिजे. नोकरी सोडली किंवा काढून टाकले तर देणे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते केले पाहिजे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने नेमणूक-पत्र द्यावयाचे आहे. ते मागून घ्यावे, मागण्यात संकोच करू नये. भविष्य निर्वाह निधी साधारणपणे वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होतो.

प्रसूती रजेच्या बाबतीत १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी स्त्री-कामगारांची बाजू मांडली होती. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने ही पगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली आणि रजेनंतर, कामाचे स्वरूप तसे असेल तर, परस्पर संमतीने घरून काम करण्याची सोयही कायद्यात आली. ‘घरीच तर बसून काम करता, मग रजा कशाला?’ असे कोणी म्हणाले तर त्याला हे सांगावे.

आणखी एक गोष्ट भगिनींनी विशेष लक्षात ठेवावी. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कामाचे ठिकाण’ या शब्दांत राहते घरही येते. कामाच्या निमित्ताने वरिष्ठाने रात्री-अपरात्री पाठविलेले असभ्य संदेश हा तुमचा खाजगी प्रश्न नाही. तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. कंपनीत समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. संदेश पुसून टाकू नयेत, तेच पुरावा असतात.

कंत्राटदार असाल तर

स्वतंत्र व्यावसायिकही अगदीच निराधार नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म उद्योगाचे बिल ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही ठरली तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागते. लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. तक्रार राज्याच्या सुकरता परिषदेकडे करता येते. एकट्याने सेवा देणारा माणूसही ‘उद्यम’ नोंदणी करू शकतो. ती विनामूल्य आहे, दलालाला पैसे देण्याचे कारण नाही. मात्र नोंदणी काम घेण्यापूर्वी झालेली असावी. पैसे अडकल्यावर केलेली नोंदणी मागच्या बिलाला उपयोगी पडत नाही. आमचे नेमके येथेच चुकले होते.

सामाजिक सुरक्षा संहितेत ‘घरकाम आधारित कामगार’ अशी स्वतंत्र व्याख्या आहे. आपल्या घरी किंवा आपल्या पसंतीच्या जागी, मोबदला घेऊन, मालकासाठी वस्तू वा सेवा निर्माण करणारा, मग साधने मालकाची असोत वा नसोत. असंघटित कामगारांसाठी २६ ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम नोंदणी सुरू आहे.

भाषांतरकार आणि चित्रकारांनी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याची ओळख करून घ्यावी. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालकच असतो. स्वतंत्र भाषांतरकाराचे मात्र तसे नाही. भाषांतराचा हक्क मूळात त्याचा असतो आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. त्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. तेव्हा ‘सर्व हक्क कायमचे’ हे तीन शब्द वाचल्याशिवाय सही करू नये. पुस्तकावर आपले नाव घालावे, हेही आधीच ठरवून घ्यावे.

बिलातून टीडीएस कापला असेल तर तो बुडाला असे समजू नये. उत्पन्न करपात्र नसल्यास विवरणपत्र भरून तो परत मिळतो.

फसव्या जाहिरातींपासून सावध

पुस्तके टाईप करण्याचे किंवा पाने भरण्याचे काम देतो असे सांगून नोंदणी शुल्क वा अनामत मागणारे अनेक आहेत. काही टोळ्या आधी करार करून घेतात, मग कामात चुका निघाल्या म्हणून दंड मागतात आणि वकिलाच्या नावाने धमकीची नोटीस पाठवितात. घाबरलेली मुले घरी न सांगता पैसे भरतात. काम देणारा पैसे देतो, मागत नाही, ही साधी खूण ध्यानात ठेवावी. अशी नोटीस आल्यास पैसे न भरता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना १९८७ च्या कायद्यानुसार उत्पन्नाची अट न घालता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

काम घेण्यापूर्वी

पुढील गोष्टी लेखी विचाराव्यात. ई-मेलवरचे उत्तरही लेखीच होय.

१. दर कशावर : पानावर, शब्दावर की तासावर? एका पानात शब्द किती धरणार?
२. दुरुस्तीच्या फेऱ्या किती? लेखकाने मजकूर बदलल्यास जादा दर काय?
३. काम पसंत की नापसंत हे कोण ठरविणार आणि किती दिवसांत? नापसंतीची कारणे लेखी मिळतील काय?
४. बिल किती दिवसांत मिळणार? लेखकाने कंपनीला पैसे दिले नाहीत तर आमचे काय?
५. काम मध्येच थांबले तर झालेल्या कामाचे पैसे मिळतील काय?
६. दुसऱ्यांचे काम घेण्यास मनाई आहे काय? असेल तर नोकरीचे लाभ का नाहीत?
७. वाद झाल्यास तो कोणत्या गावच्या न्यायालयात चालेल?

याशिवाय एक वही ठेवावी. तारीख, तास, पाने, पाठविलेली फाईल, मिळालेली रक्कम एवढे रोज लिहावे. बिडी कामगारांच्या हाती नोंदपुस्तक आले, तेव्हा त्यांचे कामगारपण सिद्ध करणे सोपे झाले. आपलेही तसेच आहे.

समारोप

घरी बसून काम करणारा माणूस एकटा असतो, हीच त्याची खरी अडचण. कारखान्यात शेजारच्याचा पगार कळतो, जेवणाच्या सुट्टीत चार गोष्टी निघतात, त्यातूनच संघटना उभी राहते. घरात बसलेल्याला आपला दर कमी आहे हेसुद्धा कळत नाही. म्हणून आमची सभासदांना विनंती आहे की, अशी कामे करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी महिन्यातून एकदा अभ्यासिकेत एकत्र बसावे. कोणी किती दर दिला, कोणी पैसे थकविले, कोणत्या करारात काय लिहिले होते, हे एकमेकांना सांगावे. कायदे जाणणाऱ्या सभासदांनी त्या दिवशी तासभर वेळ द्यावा. आम्हा तिघांपाशी त्या वेळी विचारायला कोणी नव्हते. पुढच्यांना विचारायला जागा असावी, एवढे आपण नक्कीच करू शकतो.